पहिली कॅम्परव्हॅन ट्रिप कोकणात करणार असाल तर तेरेखोल विसरा

आमचा पहिला प्लॅन काय होता माहितीये का, अलिबागला सुरू करायचं आणि सागरी रस्त्याने थेट गोव्याच्या सीमेवरच्या तेरेखोलपर्यंत, पाच दिवसांत, आणि रोज संध्याकाळी समुद्रासमोर गाडी लावून चहा. चहा झाला, पण तेरेखोल राहिलं, आम्ही गणपतीपुळ्यालाच दमलो आणि ते बरंच झालं. त्यामुळे आता जे सांगतोय ते त्या दमण्यातून आलेलं आहे.

आधी गाडीचं बोलू. मोटरहोम म्हणा, कॅरॅव्हॅन म्हणा, आपल्याकडे भाड्याने मिळतं ते बहुतेक वेळा टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीत बेड, सिंक, छोटा फ्रीज आणि एक डबडा संडास बसवलेलं असतं. महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं खरं, पण म्हणून गावोगावी प्लग आणि नळ लावून कोणी आपली वाट बघत बसलेलं नाहीये. गाडी ड्रायव्हरसकट मिळत असेल तर पहिला प्रश्न हा विचारा की ड्रायव्हर झोपणार कुठे. आम्ही विचारलाच नव्हता. चार बेड, चार आम्ही आणि पाचवा माणूस पहिल्या रात्री पुढच्या सीटवर मान वाकडी करून, सकाळी त्याच्याच हातात घाट द्यायचा होता! दुसऱ्या रात्रीपासून त्याच्यासाठी खोली घेतली, तो खर्च आधीच धरा. स्वतः चालवणार असाल तर गाडी काळ्या पाटीवर पिवळी अक्षरंवाली आहे का बघा, तीच सेल्फ-ड्राइव्ह भाड्याची. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी, गाडी "ओळखीत" कोणी देत असेल तर अपघातानंतर इन्शुरन्सवाला काय म्हणेल त्याचा आधी विचार करा.

रूट. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. मग बागमांडला-वेसवी फेरी (म्हणजे गाडीसकट खाडी ओलांडणारी बोट), मंडणगड-पालगडमार्गे दापोली, हर्णै-आंजर्ले. मग दाभोळ-धोपावे फेरी आणि गुहागर-वेळणेश्वर. मग तवसाळ-जयगड फेरी आणि गणपतीपुळे. परत येताना आंबा घाट चढून कोल्हापूर आणि तिथून हायवे. पाच रात्री, चार मुक्काम, एक रात्र कुठेतरी जास्तीची. ती कुठे ते आधी ठरवू नका, जिथे जागा आवडेल तिथे वापरा. मॅपवर तीन तास दिसले की सहा धरा, कारण किनाऱ्याच्या रस्त्याने आमचा अ‍ॅव्हरेज तासाला २५ च्या वर गेलाच नाही. एका बाजूला जांभ्याचा गडगा, दुसऱ्या बाजूला माडाची वाडी, समोरून एसटी, आणि एसटी मागे जात नसते. मागे आपणच जायचं. आणि गाडीची उंची एका चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगपाशी चिकटवा, वर एसी असेल तर ती दहा फुटांच्या आसपास जाते आणि गावातली कमान, आंब्याची फांदी, घरात गेलेली लाइटची वायर यातलं काहीच मॅपमध्ये दिसत नाही. अरुंद गल्ली आली की एकाने उतरून पुढे चालायचं, लाजायचं नाही.

फेरीबद्दल जरा सविस्तर, कारण फसायची खरी जागा हीच आहे. कॅम्परची शेपटी मागच्या चाकांच्या बरीच मागे असते. ओहोटीला बोट खाली जाते, उतार वाढतो आणि ती शेपटी धक्क्यावर घासते, आमचा तर सांडपाण्याचा पाइपच तिथे तुटला. म्हणून शक्यतो भरतीच्या आसपासची फेरी पकडायची. भरती काढायचा आपल्याकडचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पावणेचार, अष्टमी असेल तर सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, सकाळ-रात्र दोन्हीकडे साधारण तेच, आणि मधे सहा तासांनी ओहोटी. खाडीत थोडं पुढेमागे होतं पण कॅलेंडर बघून ढोबळ अंदाज येतो, आणि ज्या दिवशी निघायचं त्या दिवशी धक्क्यावर फोन करून विचारायचंच. चढताना गॅसचा कॉक बंद, बाकी सगळे खाली उतरून चालत, आणि बोटीवर गाडी उभी केली की हँडब्रेक ओढून गिअरमध्ये. खलाशी हात हलवून सांगतो तसंच करा, त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. पावसाळ्यात हा प्लॅनच करू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. गणपती आणि शिमग्याला मुंबई-गोवा हायवेवर आपलं हे धूड घेऊन जाणं म्हणजे घरी जाणाऱ्या चाकरमान्यांच्या वाटेत उभं राहणं.

आता पाणी. आमची टाकी १०० लिटरची होती, ऐकायला खूप वाटतं. चौघांच्या चार आंघोळी, एक बादली १५ लिटर धरली तरी ६० गेले, मग भांडी, मग तोंड धुणं, संध्याकाळी टाकी कोरडी. शिवाय १०० लिटर म्हणजे १०० किलो, त्यामुळे घाट चढायच्या आधी अर्धीच भरा. आंघोळ मुक्कामाच्या ठिकाणीच उरका, आणि पंधरा-वीस मीटरचा पाइप आणि दोन-तीन मापांचे नळाचे जोड बरोबर ठेवा, प्रत्येक घराचा नळ वेगळा निघतो.

विजेचं गणित त्याहून वाईट. १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १२०० वॅट-अवर, साध्या लेड-अ‍ॅसिडची निम्मीच वापरायची नाहीतर ती मरते. १ टनाचा एसी तासाला हजार वॅट-अवरच्या आसपास खातो. म्हणजे अर्धा तास थंडी आणि मग रात्रभर घाम. १२ व्होल्टचा पंखा वीस-पंचवीस वॅटवर रात्र काढून देतो, खिडक्यांना मच्छरजाळी असेल तर एसी विसरा. गाडी ताब्यात घेताना "सगळं चालतंय" यावर विश्वास ठेवू नका, फ्रीज, दिवे, पंप लावून अर्धा तास बघत बसा. आम्ही बसलो नाही, पहिल्याच रात्री अंधार.

संडासाबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. तो डबा २० लिटरच्या आसपास असतो आणि चौघांत दोन दिवसांत भरतो, आणि तो कुठे ओतायचा याची आपल्याकडे सोय नाही. खाडीत नाही, माळावर नाही, ओढ्यात तर नाहीच. म्हणून नियम असा की डबा फक्त रात्रीच्या अडचणीला, दिवसा पेट्रोल पंप, खानावळ, मुक्कामाची जागा. ओतायचा तर यजमानाला विचारून त्यांच्या संडासात, आणि आत ते निळं केमिकल घातलं असेल तर तेही सांगून.

म्हणजेच मुक्काम म्हणजे नुसती पार्किंगची जागा नाही, तिथे नळ, प्लग आणि संडास तिन्ही लागतात. एमटीडीसीची हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे इथे रिसॉर्ट आहेत, तिथे आधी फोन करून विचारा. मला मात्र होमस्टेचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, जास्त आवडलं. सरळ विचारायचं, काकू, गाडी खळ्यात लावू का, एक खोली घेतो, जेवण तुमच्याकडेच. खोलीत ड्रायव्हर झोपतो, आंघोळी होतात, गिझरच्या १५ अँपिअरच्या प्लगला आपली जाड वायर लागते आणि रात्री तांदळाची भाकरी आणि सोलकढी. जेवणाचं मात्र सकाळीच सांगावं लागतं, रात्री आठला जाऊन "काय आहे" विचारलं तर काही नसतं. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो, तिथून घेतलेलं काकूंनी करून दिलं तर नशीब समजा. गाडीत मासे तळू नका, वास पुण्यापर्यंत येतो. आणि छताची खिडकी उघडी टाकून फिरायला जाऊ नका, वानरं आत येतात, आमची केळी आणि पाव गेले.

किनाऱ्यावर गाडी घालायची नाही. बंदी आहे, पोलीस केस करतात, आणि एवढं वजन ओल्या वाळूत बसलं की भरती जेसीबीची वाट बघत नाही. वेळासला फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कासवांसाठी वाकडी वाट करून गेलात तर रात्री समुद्राच्या बाजूचे दिवे बंद ठेवा, पिल्लं उजेडाकडे जातात.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर अर्ध्यात जळका वास यायला लागतो.

परत देण्याआधी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, खारी हवा पत्रा खाते आणि डिपॉझिट कापायला ते कारण पुरतं. घेताना आणि देताना दोन्हीवेळा टप, मागची शेपटी आणि डिझेलचा काटा यांचे फोटो काढा. आमच्याकडे पाइप शाबूत असल्याचा फोटो होता, तुटल्याचा नव्हता, त्यावर वाद घालण्यात शेवटची संध्याकाळ गेली.