रॉडवरची दोऱ्याची नक्षी: पॅटर्न वाचताना या चुका टाळा

पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो, कातळावर गरवायला जाणं जिवावरचं. कोकणातल्या हौशी लोकांना मासेमारीच्या रॉडच्या मुठीपुढे दोऱ्याची नक्षी चढवायला हेच दिवस मोकळे सापडतात. नक्षी बिघडली की दोष हाताला दिला जातो. माझ्या मते बहुतेक वेळा हात ठीक असतो, पॅटर्नचा कागदच चुकीचा वाचलेला असतो.

आकडा एका बाजूचा की दोन्ही बाजूंचा?

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. पॅटर्नमध्ये लिहिलेलं असतं: मध्ये 1 काळा, मग 4 लाल, 2 पांढरे, 6 निळे. शंकरपाळ्याच्या आकाराच्या नक्षीत मधल्या दोऱ्याच्या दोन्ही अंगांना दोरे वाढत जातात, म्हणून इथे एकूण 25 दोरे होतात. बाणासारख्या टोकदार नक्षीत सगळे दोरे एकाच अंगाला लागतात, तेव्हा तीच ओळ 13 दोऱ्यांची ठरते. लिहिणाऱ्याने हे सांगितलं नसेल तर तयार रॉडच्या फोटोवर दोरे मोजा. फोटोही नसेल तर चौकटीच्या कागदावर रंगीत पेन्सिलीने पट्टा काढून पाहा. हा अर्धा तास वाचवू नका.

दोऱ्याची जाडी

बरेच पॅटर्न 'ए' साइझच्या बारीक दोऱ्यासाठी असतात. घरात 'डी' असेल तर तो बराच जाड, त्यामुळे पट्टा फुगतो आणि शेजारच्या नक्षीवर चढतो. रॉडवर 10 फेरे घट्ट बसवा, पट्टीने मोजा, 10 ने भागा. दोन्ही जाड्यांचं प्रमाण काढून प्रत्येक रंगाचे दोरे कमी करा. मधला दोरा मात्र एकच ठेवा. मापं इंचात दिलेली असतील तर सुरुवातीलाच सगळी मिलिमीटरमध्ये लिहून काढा. निम्मी इंचात, निम्मी मिलिमीटरमध्ये असली की घोटाळा ठरलेला.

नक्षी रेषेवरून सरकते तेव्हा

टोकं हळूहळू एका बाजूला जात असतील तर आधी रॉडवर आखलेली रेष तपासा, मग दोन्ही अंगांचे दोरे मोजा. बहुधा एका अंगाला एक दोरा जास्त निघतो. शेंड्याकडे आकार लांबट होत असेल तर कारण वेगळं आहे. रॉड तिकडे निमुळता होतो, पॅटर्नमध्ये दोरे जिथे एकमेकांना छेदतात त्या खुणांमधलं अंतर मात्र एकसारखं छापलेलं असतं. शेंड्याकडच्या खुणा थोड्या जवळ घ्या. मधला छेद कुठे दातेरी दिसला, तर तिथे एखाद्या रंगाला जाण्या-येण्याचा क्रम उलटला आहे. तेवढा रंग उसवून परत घाला, पुढे रेटू नका.

विणलेली अक्षरं

विणकामात दोरे रॉडच्या लांबीने टाकतात आणि आडव्या फेऱ्याने काही वर ठेवतात, काही खाली दाबतात. पॅटर्नची ओळ अशी असते: 3 खाली, 2 वर, 6 खाली. प्रत्येक ओळीची बेरीज एकच यायला हवी, इथे 11. एखादी ओळ 10 किंवा 12 भरली तर ती छापताना किंवा उतरवून घेताना चुकली आहे. सुरुवात करण्याआधी सगळ्या ओळींच्या बेरजा करा. अक्षरं मुठीकडून वाचायची की शेंड्याकडून, हेही तेव्हाच ठरवा.

रोमन अक्षरांचा पॅटर्न पाहून देवनागरी नाव काढायला जाल तर दोन अडचणी येतील. 'मालवण' मधल्या पट्ट्यात बसतं, पण 'वेंगुर्ले' लिहायला वर मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, म्हणून लांबीचे दोरे जास्त लागतात. शिवाय शिरोरेषा म्हणजे एकच दोरा सलग वर. मध्ये बांधणीचा फेरा नसेल तर तो सैल पडून नखाला अडकतो, म्हणून ठरावीक अंतरावर त्याला एका फेऱ्याखाली दाबून घ्या. इतका त्रास घेऊनही मला आपल्या लिपीतलं नाव असलेला रॉडच आवडतो.

रंग बदलला तर

साधा नायलॉन दोरा वरून दिलेल्या लेपातली इपॉक्सी पिऊन गडद होतो आणि पांढरा जवळजवळ पारदर्शक होऊन खालचा रंग दाखवतो. पॅटर्नमध्ये 'एनसीपी' लिहिलं असेल तर रंग टिकवणारा दोरा अपेक्षित आहे. तो नसेल तर आधी कलर प्रिझर्व्हरचे, म्हणजे रंग टिकवणाऱ्या द्रवाचे, हात द्या आणि ते पूर्ण वाळू द्या. आपल्याकडच्या दमट हवेत इपॉक्सी धुरकट होते, म्हणून नक्षी आषाढात पूर्ण केली तरी लेप कोरड्या दिवशीच द्या. त्याआधी तोच दोरा तुटक्या रॉडच्या तुकड्यावर गुंडाळून तोच लेप लावून बघा.