जिप्सम टाकताय? या चुका टाळा

मे महिना लागला की वाळवा, पलूस, मिरज भागातून तोच प्रश्न येतो, "एकरी किती जिप्सम टाकू?" माती तपासली का, असं विचारलं की पलीकडे शांतता. मग हळूच, "बांधकऱ्यानं दोन टन टाकलं, म्हणून म्हटलं..." बांधकऱ्याची जमीन वेगळी, तुमची वेगळी.

पहिला घोटाळा नावापासूनच. जिप्सम म्हणजे चुना नव्हे. दोन्ही पांढरे, दोन्हींत कॅल्शियम, साम्य तिथंच संपलं. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. जिप्सम म्हणजे पाणी धरून बसलेलं कॅल्शियम सल्फेट, त्याच्या वजनातला पाचवा हिस्सा पाणीच असतं. हाच दगड भाजून त्यातलं पाऊण पाणी उडवलं की प्लास्टर ऑफ पॅरिस होतं. आपल्या काळ्या रानात चुनखडी मुळातच भरपूर, पण ती विरघळत नाही, म्हणून कामाला येत नाही. जिप्सम लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅम विरघळतं आणि तेवढ्यावर काम भागतं. विरघळलेलं कॅल्शियम मातीच्या कणाला चिकटलेल्या सोडियमला हुसकावतं आणि स्वतः त्याची जागा घेतं. सुटा झालेला सोडियम पाण्याबरोबर निघून जातो.

पोतं उतरवून घेण्याआधी मी चिमूटभर पूड वाटीत घेऊन लिंबू पिळतो. फसफसली की त्यात चुनखडी मिसळलेली आहे. असं पोतं मी परत पाठवतो, कितीही स्वस्त असलं तरी.

दुसरी चूक महागडी आहे आणि ती माझ्या घरातच झाली. चुलतभावाचा मळा नदीकाठी. थंडीत सरीच्या वरंब्यावर पांढरा थर चढायचा, ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडायचा. दुकानात कुणीतरी सांगितलं, 'पांढरं दिसलं की जिप्सम टाका.' त्यानं एकरी दोन टन टाकलं, ट्रॅक्टरचं भाडं आणि मजुरी वेगळी. पुढच्या थंडीत थर पुन्हा तिथंच.

मी त्याच्या रानातलं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या पाण्यात टाकून ठेवलं. सकाळी पाणी नितळ, ग्लासाच्या आरपार दिसत होतं, गाळ सगळा तळाशी. चोपण, म्हणजे सोडियम चिकटून बिघडलेली माती असती तर ढेकूळ पसरून पाणी दुसऱ्या दिवशीही दुधाळ राहिलं असतं. अहवालही तसाच आला. सामू (पीएच) ८.१, क्षारता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, ६ डेसिसायमन प्रति मीटर. म्हणजे जमीन क्षारयुक्त, चोपण नव्हे. चोपण जमिनीचा सामू ८.५ च्या वर आणि मातीला चिकटलेला सोडियम १५ टक्क्यांच्या वर असतो. जिप्समचं काम तिथं. "आबा, मग माझे पैसे मातीत गेले म्हणायचे," तो म्हणाला. गेलेच होते. त्याच्या रानाला हवा होता पाणी निचरून नेणारा चर. ओढ्यापर्यंत चर काढला, दोन पावसाळे क्षार धुऊन गेले, तेव्हा कुठं ऊस सरळ उभा राहिला.

चोपण जमिनीतही चर आधी, जिप्सम नंतर. सुटलेल्या सोडियमला बाहेर जायला वाट नसेल तर तो मुळाशीच राहतो. ज्यांना एका हंगामात निकाल हवा असतो ते नेमका चर वगळतात, कारण तो खणायला कष्ट पडतात.

किती टाकायचं ते अहवालातल्या 'जिप्समची गरज' या आकड्यावरून ठरवा. वरच्या अर्ध्या फुटात मिसळा, नांगरून खोल गाडू नका. चोपण जमिनीत मोकळी चुनखडी भरपूर असेल तर गंधकही चालतं. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि त्या चुनखडीचंच जिप्सम बनतं. फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. आणि सेलेनाइट नावाला भुलू नका, तो जिप्समचाच पारदर्शक स्फटिक, त्यात सेलेनियम नसतं.

द्राक्षबागायतदारांना मात्र एक वेगळंच सांगायचंय. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकाच टाकीत कालवलंत की जिप्सम तुमच्या टाकीतच तयार होतं. तासगावच्या एका बागेत मी ड्रिपर उघडून पाहिला, आत नखानं खरवडता येईल असा पांढरा साका. सगळी लाईन बदलावी लागली. टाक्या दोन ठेवा. तेही जमत नसेल तर दोन खतं वेगवेगळ्या दिवशी सोडा आणि मध्ये नुसतं पाणी चालवा.