कॅम्परच्या बॅटऱ्या बसल्यात? नवीन घ्यायच्या आधी ग्रॅव्हिटी बघा

गणपती झाल्यावर गाडी पहिल्यांदा बाहेर काढली, तारकर्लीला माडाखाली लावली, संध्याकाळी घेतलेली सुरमई फ्रीजमध्ये टाकली आणि रात्री दोनला इन्व्हर्टर पीं पीं करायला लागला. सकाळी फ्रीज कोमट, सुरमई गेली, बायको गप्प. बेडखाली दीडशे एएचच्या (अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) दोन ट्युब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असतात तसल्या उंच बॅटऱ्या, दिवसभर छतावरच्या पॅनलवर चार्ज झालेल्या, संध्याकाळी सोलरचं चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलरवर चक्क फुल दाखवत होतं, आणि चार-पाच तासात बसल्या.

घरी आल्यावर बॅटरीवाल्याकडे नेल्या. त्याने मीटर लावला, झाकण पण उघडलं नाही, म्हणाला "दोन्ही गेल्यात साहेब, नवीन टाका, जुन्यांचे पैसे कापून देतो." आता त्यातली एक खरंच गेली होती, पण दुसरी आज पण चालतेय. मीटर लावून फक्त व्होल्टेज बघितलं की हा फरक कळत नाही, त्याला ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या अ‍ॅसिडचा दाटपणा, बघावी लागते, म्हणून हे सगळं लिहितोय.

आमची गाडी म्हणजे काही तयार मोटरहोम नाही, जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेऊन आत बेड, ओटा, फ्रीज बसवून घेतलेला. पण तुमची कुठलीही असो, मागची बॅटरी लेड अ‍ॅसिड असेल आणि पाणी टाकायची बुचं असतील तर सगळं तेच. बुचं नसलेली, सीलबंद, म्हणजे एजीएम किंवा जेल असेल तर खालचं जास्त व्होल्टेजचं प्रकरण तिच्यावर अजिबात करू नका, तिच्यातला गॅस बाहेर गेला की पाणी परत भरता येत नाही, संपला विषय.

आधी झालं काय ते बघू, कारण तिथेच खरी गोम आहे. आमच्या बॅटऱ्या तारकर्लीत दगा देऊन बसल्या असं वाटलं तरी त्या गेल्या होत्या पार्किंगमध्येच, जून ते सप्टेंबर. गाडी शेडखाली, पॅनलला ऊन नाही, आणि गॅस लीकचा अलार्म, स्टिरिओची मेमरी, इन्व्हर्टरचं स्टँडबाय हे सगळं मिळून अर्धा अँपिअर खात होतं. अर्धा अँपिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना, पण दिवसाचे बारा एएच झाले, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या मिळून तीनशे एएच पंचवीस दिवसात कोरडे. बॅटरी डिस्चार्ज होते तेव्हा प्लेटवर लेड सल्फेट धरतं, ते लगेच चार्ज केलं तर विरघळतं, पण महिनोन्महिने तसंच राहिलं की त्याचे कडक खडे होतात, नळाच्या तोटीवर क्षार धरतो ना तसे. याला सल्फेशन म्हणतात. अशा बॅटरीला चार्जिंगला लावलं की ती करंट आत घेतच नाही, व्होल्टेज मात्र फटकन १४.४ ला जातं आणि कंट्रोलर बिचारा समजतो झाली फुल. म्हणून संध्याकाळी फुल आणि रात्री दोनला पीं पीं.

आता काम. बॅटरी गाडीतून बाहेर काढा, उघड्यावर, आणि एकट्याने उचलायला जाऊ नका, उंच ट्युब्युलर पाणी धरून पन्नास-साठ किलो भरते, माझी कंबर आठवडाभर धरली होती. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा, डोळ्याला गॉगल, रबरी हातमोजे, जुने कपडे (अ‍ॅसिडचा थेंब पडलेली जीन्स एका धुण्यात भोकं दाखवते), आणि बाजूला बादलीभर पाणी नि खायचा सोडा. चार्जिंगला हायड्रोजन निघतो, हवेत चार टक्के झाला तरी भडकतो, म्हणून जवळ सिगरेट, गॅस, ग्राइंडर काही नको आणि चार्जरची क्लिप काढायची ती चार्जर बंद करूनच.

टर्मिनलवर पांढरं-हिरवं फुललेलं असेल तर सोड्याच्या पाण्याने जुन्या टूथब्रशने घासा, पण बुचं घट्ट लावून, सोडा आत गेला तर सेलची (बॅटरीत असे सहा कप्पे असतात) वाट लागते. मग पाणी बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर टाका, फुल भरू नका, चार्जिंगला पातळी वर येते आणि मग अ‍ॅसिड बाहेर. पूर्ण भरायचं ते चार्ज झाल्यावर, बुचावर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या फ्लोटची हिरवी खूण येईपर्यंत. नळाचं नको, आरओचं पण नको, त्यात क्षार राहतातच. एसीचं पाणी टाकणारे खूप भेटतात पण ते तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या कॉइलवरून धूळ घेऊन खाली येतं, मी नाही टाकत. आणि अ‍ॅसिड तर कधीच टाकू नका, उडून जातं ते पाणी, अ‍ॅसिड आतच असतं, प्लेटवर सल्फेट होऊन चिकटलेलं.

आता नेहमीच्या चार्जरने करंट १५ अँपिअरच्या आत ठेवून जेवढी होईल तेवढी चार्ज करा, रात्रभर तशीच सोडा, आणि सकाळी हायड्रोमीटर घ्या. कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतो, काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारी काडी, तीच तुमची खरी रिपोर्ट. सहाही सेलची ग्रॅव्हिटी घ्यायची आणि कागदावर लिहायची. इथे एक घोळ सांगून ठेवतो, नेटवर जे तक्ते मिळतात ते बहुतेक अमेरिकन बॅटऱ्यांचे, त्यात फुल म्हणजे १२६५ (साधं पाणी १००० धरून) लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर साधारण १२४० च्या असतात, २७ डिग्रीला. म्हणजे चांगली बॅटरी असून माणूस तक्ता बघून रडत बसतो. व्होल्टेजचंही तसंच, १२४० वाली बॅटरी आराम करून १२.५ च्या आसपासच दाखवणार, १२.७ ची वाट बघू नका. उन्हाळ्यात मोजत असाल तर दर दहा डिग्रीला सात पॉइंट वर धरा.

माझ्या पहिल्या बॅटरीचे आकडे होते ११५०, ११५५, ११५०, ११४५, ११५०, ११५५. सगळे खाली, पण सगळे सारखे. दुसरीचे ११६०, ११५५, ११६०, १०९०, ११५५, ११६०. चौथा सेल बघा. एकात नि बाकीच्यात पन्नास पॉइंटच्या वर फरक आणि चार्ज करून पण तो सेल हलत नसेल तर तो सेल गेला, आणि एक सेल गेला की बॅटरी गेली, बाकीचे पाच कितीही धडधाकट असले तरी. चार्ज करून रात्रभर ठेवल्यावर व्होल्टेज साडेदहाला येऊन थांबत असेल तर सेल शॉर्ट, ती तर बघायला पण नको. सॅम्पल काढताना पाणी तपकिरी, गढूळ आलं तर प्लेटवरचा माल झडलाय, त्याला पण औषध नाही. औषध आहे ते फक्त पहिल्या प्रकाराला, सगळे सेल सारखे खाली.

त्याला म्हणतात इक्वलायझेशन. म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टेजला, कमी करंटने, लांबवर चार्ज. मी पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलेला तीस व्होल्ट दहा अँपिअरचा पॉवर सप्लाय वापरला, मुंबईवाल्यांना लॅमिंग्टन रोडला मिळेल. याचा अजून एक फायदा, पार बसलेल्या बॅटरीला हुशार चार्जर ओळखच देत नाहीत, सुरूच होत नाहीत, हा होतो. व्होल्टेज १६ ला सेट, करंट पाच अँपिअरला. बॅटरी गाडीपासून पूर्ण सुटी, कारण १६ व्होल्ट फ्रीजच्या कंट्रोलरला आणि एलईडीला गेले तर बॅटरी वाचवायच्या नादात बाकीचं जळायचं. बुचं लावलेली पण घट्ट पिळलेली नकोत, आणि जागा हवेशीर. हे लावून झोपायचं नाही, बाहेर जायचं नाही, रविवार बघून करा.

पहिल्या तासात करंट जेमतेम एक अँपिअर जात होता, व्होल्टेज लगेच १६. मी म्हटलं गेली ही पण. मग दुपारनंतर करंट हळूहळू दोन, अडीच, चार असा वाढला, म्हणजे प्लेट मोकळी व्हायला लागली, आणि झाकणाला कान लावला तर (गॉगल घालून!) आतून भात शिजतो तसा बुडबुड आवाज. दर तासाला ग्रॅव्हिटी आणि तापमान. तापमान ५० च्या वर गेलं तर बंद करून थंड होऊ द्यायचं, थर्मामीटर नसेल तर कडेला हात टेकवून ठेवता येतो का बघा, नसेल येत तर बंद. एका दिवसात झालं नाही, रात्री बंद करून परत सकाळी असं तीन दिवस केलं. ११५० चे ११८५, मग १२१०, मग १२२५, आणि तिथे थांबलं. लागोपाठ तीन तास ग्रॅव्हिटी तीच राहिली की थांबायचं, त्यानंतर नुसतं पाणी उडतं आणि प्लेट झिजतात. शेवटी डिस्टिल्ड वॉटर टाकून पातळी पूर्ण केली.

ग्रॅव्हिटी आली म्हणजे ताकद आली असं नाही, ती वेगळी मोजायची. कारच्या हेडलाइटचे दोन जुने ५५ वॅटचे बल्ब जोडले, दोन्ही मिळून साधारण नऊ अँपिअर. क्लॅम्प मीटर असेल तर डीसी करंट मोजतो का बघून घ्या, स्वस्तातले बहुतेक फक्त एसीचे असतात, मी आधी तसलाच घेऊन शून्य वाचत बसलो होतो. सकाळी सातला बल्ब लावले, साडेदहा व्होल्टला बंद केले तेव्हा संध्याकाळचे सहा. अकरा तास गुणिले नऊ, नव्याण्णव एएच, दीडशेतले. म्हणजे सहासष्ट टक्के. बॅटरीवाल्याच्या हिशेबाने ती भंगारात गेलेली होती. टेस्ट झाली की लगेच, त्याच रात्री परत चार्जिंगला लावायची, नाहीतर केलेलं सगळं पाण्यात.

एप्सम सॉल्ट टाका, डिस्प्रिनची गोळी टाका असले व्हिडिओ भरपूर आहेत. गोळीचं आत अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड होतं आणि ते शिसं खातं. सोडून द्या.

आता अडचण अशी की एक वाचली, एक गेली, मग एक नवीन आणून जोडी लावायची का? नाही. पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडलेल्या नव्या-जुन्यात जुनी कायम नवीला मागे ओढते, वर्षभरात दोन्ही सारख्याच म्हाताऱ्या. बदलायच्या तर दोन्ही, एकाच कंपनीच्या, एकाच एएचच्या, शक्यतो एकाच महिन्यात बनलेल्या. आणि जोडताना गाडीची पॉझिटिव्ह वायर एका बॅटरीवरून तर निगेटिव्ह दुसऱ्या बॅटरीवरून काढा, दोन्ही एकाच बॅटरीवरून काढल्या तर तीच जास्त राबते. माझ्या गाडीत आधीपासून तसंच होतं आणि गेलेली बॅटरी नेमकी तीच, आता यात योगायोग किती ते तुम्हीच ठरवा.

मी मात्र यावेळी लिथियमला गेलो. खरं सांगायचं तर उंच ट्युब्युलर ही घरात एका जागी उभी राहायची वस्तू, आंबोली घाटात हिंदकळली की अ‍ॅसिड वर येतं, बेडखाली गॅस सोडते, जुगाड म्हणून ठीक. लेडचे तीनशे एएच असले तरी आयुष्य हवं तर निम्मेच वापरायचे, म्हणजे दीडशे. लिथियम आयर्न फॉस्फेटची एकच दोनशे एएच घेतली, ऐंशी टक्के वापरली तरी एकशे साठ, आणि वजन एकशेवीसच्या जागी वीस-बावीस किलो. पैसे जास्त लागतात, त्यात वाद नाही, वर्षातून दोनदाच गाडी काढणाऱ्याने ट्युब्युलरच परत टाकली तरी मी हसणार नाही.

पण लिथियम नुसती जुन्या जागी ठेवून लग आवळले असं करू नका. सोलर कंट्रोलरचं सेटिंग बदला, १४.२ ते १४.६, बॅटरीच्या कागदावर असेल ते, आणि इक्वलायझेशन बंद म्हणजे बंद. इंजिनच्या अल्टरनेटरवरून रिलेने (आपोआप जोडणाऱ्या स्विचने) थेट चार्ज होत असेल तर तो रिले काढून मध्ये करंट मर्यादेत ठेवणारा डीसी टू डीसी चार्जर लावा, लिथियम एवढा करंट ओढते की घाटात गाडी हळू असताना अल्टरनेटर तापून जळू शकतो. पॉझिटिव्हला बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ नीट रेटिंगचा फ्यूज. स्पिती-लडाख डोक्यात असेल तर शून्याच्या खाली ती चार्ज करायची नसते, बीएमएसमध्ये (बॅटरीच्या आतलं तिला सांभाळणारं सर्किट) थंडीचा कटऑफ आहे का ते घ्यायच्या आधीच विचारा. आणि नवीन आली की तेच दोन बल्ब लावून मोजा, जुन्या सेलला नवीन डबा चढवून विकणारे आहेत बाजारात.

गेलेली बॅटरी दुकानदाराला देऊन बिलात पैसे कापून घ्या, २०२२ च्या बॅटरी वेस्टच्या नियमांनुसार ती नीट रिसायकलिंगलाच जायला हवी. वजन वाचवायला अ‍ॅसिड गटारात ओतून रिकामी नेऊ नका, त्या पाण्यात शिसं असतं.

वाचलेली मी गावच्या घरी ठेवली, वडिलांचा पंखा आणि वायफाय चालतो तिच्यावर, लाइट तिकडे रोजच जाते. आणि गाडीत आता निगेटिव्हला एक मोठा कटऑफ स्विच बसवलाय, पावसाळ्यात गाडी लावली की आधी सोलरचा इनपुट काढतो आणि मग तो बंद करतो. लिथियम निम्मी चार्ज असताना ठेवलेली बरी. तुमची लेड असेल तर उलटं, फुल करून मगच स्विच बंद करा आणि महिन्यातून एकदा वायर टाकून रात्रभर चार्जिंगला लावा. आमच्या सेक्रेटरी काकांनी विचारलंच, पार्किंगमधली लाइट कोणाच्या बिलात? सबमीटर लावून दिलाय.