आळीपाळीने चराई सुरू केल्यावर माती सुधारली की नाही, हे कसे मोजावे

आळीपाळीने चराई म्हणजे कुरणाचे पट्टे पाडून जनावरे एकामागून एका पट्ट्यात चारणे. पहिली मोजणी नव्या पट्ट्यांत जनावरे सोडण्याआधी करा. नंतर तुलनेला काहीच हाती राहत नाही. एक तुकडा जुन्याच पद्धतीने चरू द्या, नाहीतर चांगल्या पावसाचे श्रेय चराईला जाते.

मोजणीच्या जागा जीपीएसवर नोंदवा. फाटक, पाण्याची टाकी आणि जनावरे बसतात ती सावली टाळा. शेणामुताने तिथले आकडे फुगतात. दरवर्षी महिना तोच ठेवा.

खरी गोम मातीच्या घनतेत, म्हणजे एक घन सेंटिमीटर मातीच्या कोरड्या वजनात (ग्रॅममध्ये) आहे. ‘माती प्रयोगशाळेत द्या, सेंद्रिय कर्बाची (कुजलेल्या पालापाचोळ्यातून, मुळांतून मातीत आलेल्या कार्बनची) टक्केवारी बघा’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो अर्धवट आहे. हेक्टरी कर्ब किती, हे टक्केवारी, घनता आणि सेंटिमीटरमधली खोली यांच्या गुणाकाराने टनांत निघते. १.२ टक्के, घनता १.३, खोली ३० म्हणजे ४६.८ टन. माती भुसभुशीत होऊन घनता १.२ वर आली, की तेवढ्याच टक्केवारीला ४३.२ टन दिसतात. कर्ब कुठेही गेलेला नसतो. ३० सेंटिमीटरांत आता माती कमी मावते. म्हणून दुसऱ्या खेपेला ३२.५ सेंटिमीटरपर्यंत उतरा, म्हणजे तेवढ्याच वजनाची माती तुलनेत येते. उलट खुरांनी माती दबली असेल, तर काही न करता कर्ब ‘वाढतो’. अशा वाढीवर खुशाल पेढे वाटणारे लोक आहेत.

घनतेसाठी ५ सेंटिमीटर व्यासाची, तेवढ्याच उंचीची पोलादी नळी घ्या. तिच्यात ९८ घन सेंटिमीटर माती मावते. वर लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोका. नळीतली माती बाहेरच्या पातळीपेक्षा खाली बसलेली दिसली, तर ती दबली आहे; फेकून द्या, शेजारी पुन्हा ठोका. प्रत्येक थरातून वेगळा नमुना काढा. आणि वाफशावरच, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशा ओलीवरच काढा. काळी माती ओलीने फुगते, सुकली की आकसते, त्यामुळे एका वर्षी ओली आणि पुढच्या वर्षी कोरडी मोजलीत तर चराईचा परिणाम कधीच कळणार नाही. १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. २ मिलिमीटरपेक्षा मोठ्या खड्यांचे वजन वगळा, आकारमान मात्र पूर्ण नळीचेच धरा.

पाणी मुरण्याची चाचणी सोपी: १५ सेंटिमीटर व्यासाचे कडे ठोकून ४४० मिलिलिटर पाणी ओता, ते मुरले की तेवढेच पुन्हा ओता आणि दुसऱ्या खेपेची वेळ घ्या. वाळलेले ढेकूळ पाण्यात सोडून किती वेळ टिकते ते बघा. गांडुळे मोजा.

या तीन चाचण्या दरवर्षी करा. कर्ब ३ ते ५ वर्षांनी पुरे. त्याआधीचा फरक बहुधा नमुन्यांच्या चढउतारातच हरवतो.