वंशावळीत यादव राजा आढळल्यास शोध कसा घ्यावा

सिन्नर ही यादवांची जुनी राजधानी असल्याने नाशिककडच्या एखाद्या घराण्याच्या वंशावळीत सर्वांत वर देवगिरीच्या यादव राजा रामदेवरायाचे नाव आढळले, तर नवल वाटू नये. मात्र ते तेथे कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे लिहिले हे ठरेपर्यंत बाजूला ठेवावे आणि शोध स्वतःपासून मागे न्यावा.

अलीकडच्या पिढ्या शाळेचे जनरल रजिस्टर, जुन्या गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि जमिनीचे जुने फेरफार यांतून जुळवता येतात. त्यापुढे पंचवटीत रामकुंडावर आपल्या घराण्याचे तीर्थोपाध्याय, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदी वहीत ठेवणारे पुरोहित, शोधावेत. तेथे केवळ आडनाव सांगून भागत नाही. पूर्वजांचे मूळ गावही ठाऊक असावे लागते. यात्रेला आलेल्या पूर्वजाने स्वतः सांगून केलेली नोंद मागाहून रचलेल्या तक्त्यापेक्षा अधिक विश्वासार्ह समजावी. वहीचा फोटो घेण्यापूर्वी गुरुजींची परवानगी अवश्य घ्यावी.

घराण्याकडे पाटीलकी किंवा देशमुखी असल्यास पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर पाहावे. हे कागद मोडीत असतात, म्हणून जाणकार वाचक सोबत असावा. कालगणनेकडेही लक्ष द्यावे: शके सनात ७८ मिळवले की इसवी सन साधारण निघतो, तर मराठेशाहीच्या कागदांत आढळणाऱ्या शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, दोहोंची गल्लत झाली, तर नातू आजोबांच्या आधी जन्मल्याचे दिसू लागते. वतनाच्या तंट्यात दाखल झालेल्या वंशावळीबाबत मी विशेष साशंक असतो, कारण ती देणाऱ्याचा हक्क तिच्यावरच अवलंबून असे आणि गैरसोयीचे चुलते वगळण्याचा मोह मोठा होता.

खरी कसोटी याहून मागे आहे. यादवांचा स्वतःचा वंशक्रम त्यांच्या ताम्रपटांतून आणि यादवांचा मंत्री हेमाद्री याने दिलेल्या राजप्रशस्तीतून बराचसा मिळतो, परंतु तो वरून खाली येतो आणि रामदेवरायाचा जावई हरपाळदेव याच्या वधानंतर, म्हणजे १३१८ च्या सुमारास, त्या राजसत्तेचा शेवट होतो. सिंदखेडच्या जाधवांचे मूळ यादवांशी जोडले जाते, पण लखुजी जाधवांचा खून १६२९ मधला आहे. मधल्या सुमारे तीनशे वर्षांतील प्रत्येक पित्याला आणि पुत्राला जोडणारा पुरावा दाखवल्याशिवाय आजच्या एखाद्या घराला त्या घराण्यामार्फत रामदेवरायापर्यंत नेता येत नाही. जाधव आडनाव किंवा समान देवक हा असा पुरावा नव्हे, कारण परस्परांशी ज्ञात नाते नसलेल्या घरांतही ती सारखीच असतात.

केवळ पुरुषांच्या रेषेवर विसंबू नये. बहुतेक तक्त्यांत लेकी गाळलेल्या असतात, त्यामुळे आजी-पणजीच्या माहेरची वंशावळ स्वतंत्रपणे मागवावी. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली, तर सातशे वर्षांत अठ्ठावीस पिढ्या होतात आणि त्या पातळीवर पूर्वजांची स्थाने २६ कोटींहून अधिक भरतात. त्यांत तीच माणसे पुनःपुन्हा येत असली, तरी एखादा राजपुरुष असणे अशक्य नाही. अवघड आहे ते त्याच्यापर्यंतची वाट दाखवणे.

तक्ता नव्याने लिहिताना कागदाने सिद्ध झालेली नाती अखंड रेषेने आणि ऐकीव नाती तुटक रेषेने दाखवावीत, प्रत्येक नावापुढे आधाराचा कागद व त्याचे वर्ष नोंदवावे आणि रामदेवरायाचे नाव ठेवायचेच असेल, तर त्याखाली ‘घराण्यातील परंपरेनुसार’ असे स्पष्ट लिहावे.