घरासमोरच्या फुटपाथवर झाड लावायचंय? मग मे महिन्यातच टेप घ्या

फुटपाथची जागा महापालिकेची असते. घर आपलं असलं तरी दारासमोरच्या फुटपाथवर विनापरवाना पहार मारता येत नाही. म्हणून पाऊस यायच्या आधी, मे महिन्यातच कामाला लागा.

आधी रुंदी मोजा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चालणाऱ्यांसाठी किमान १.८ मीटर मोकळी वाट हवी. झाडाच्या आळ्याला निदान एक मीटर लागतो. म्हणजे फुटपाथ तीन मीटरच्या आसपास नसेल तर तिथे झाडाचा हट्ट नको, सोसायटीच्या आवारात जागा शोधा. व्हीलचेअर किंवा बाबागाडी रस्त्यावर उतरवावी लागली तर त्या सावलीचा काय उपयोग?

जागा पुरेशी असेल तर खड्डा रस्त्याकडच्या कडेला, कर्बच्या (फुटपाथच्या कडेच्या दगडांच्या) आतल्या बाजूला घ्या. कोपरा, बस थांबा आणि पथदिवा टाळा. वर वीजतारा आहेत का, तेही पाहा.

मग उद्यान विभागाकडे किंवा वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्या. सोबत जागेचा फोटो, साधा नकाशा आणि झाडाचं नाव जोडा. खालून पाण्याची, गॅसची लाइन किंवा केबल जाते का, हे अर्जातच विचारा आणि उत्तर येईपर्यंत खणू नका.

झाड निवडताना घाई नको. वड, पिंपळ, उंबर फुटपाथवर नकोत, त्यांची मुळं फरशी उचलतात. गुलमोहराच्या फांद्या वादळात मोडतात. ताम्हण, बहावा आणि बकुळ चांगले. बकुळ हळू वाढतो, पण मला तोच सर्वांत आवडतो.

एक-दोन पाऊस चांगले झाले की एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा घ्या. रोप पुरुषभर उंचीचं असावं. पिशवी पूर्ण काढा, गोल फिरलेली मुळं मोकळी करा. बुंधा मातीत गाडू नका, पिशवीत माती जिथवर होती तिथवरच ठेवा. आधाराची काठी सुतळीने सैल बांधा, तारेने कधीच नको.

खरी लढाई आळ्याची. आमच्या गल्लीतल्या एका झाडाभोवती दुरुस्तीच्या वेळी कंत्राटदाराने बुंध्याला टेकवून पेव्हर ब्लॉक बसवले. दोन उन्हाळ्यांत ते वाळलं. माती झाकली की पाणी मुरत नाही, मुळांना हवाही मिळत नाही. दिल्लीतल्या झाडांसाठी राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तुमच्या रस्त्याचं काम निघालं की पहिल्याच दिवशी जाऊन आळं दाखवा, लेखी कळवा आणि फोटो ठेवा.

पहिले तीन उन्हाळे पाणी घालावंच लागतं. शेजाऱ्यांशी वार ठरवून घ्या. झाडाभोवती संरक्षणाची लोखंडी जाळी असेल तर बुंधा जाड झाला की ती काढायला सांगा, नाहीतर ती सालीत रुतते.

आणखी एक. महाराष्ट्रातल्या शहरांत झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा लागू आहे. पुढे गाडी लावायला अडचण झाली, दुकानाची पाटी झाकली गेली, तरी ते झाड परस्पर तोडता येत नाही. स्वतःच्या हातांनी लावलेलं असलं तरीही लेखी परवानगी लागते. म्हणून खड्डा घेण्याआधी शेजारच्या दुकानदाराशीही बोलून घ्या.