दृष्टिहीनांसाठीची पुस्तकं तपासताय? या चुका टाळा

२०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात सवलत मिळाली आणि दृष्टिहीनांसाठी पुस्तकं स्कॅन करायचा मार्ग मोकळा झाला. २०१६पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ ही ऑनलाइन लायब्ररीही आहे. घोडं अडतं ते तपासणीत. दादर-डोंबिवलीचे स्वयंसेवक मन लावून बसतात, पण तपासतात डोळ्यांनी. विरार लोकलमध्ये इअरफोन लावून बसलेली मुलगी ते पुस्तक ऐकणार असते.

मराठी ओसीआर, म्हणजे स्कॅन केलेल्या चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारा प्रोग्राम, ‘घरी’चं ‘धरी’ करतो, ‘भाऊ’चं ‘माऊ’, आणि ‘ख’चे तुकडे पाडून ‘रव’. रफार तर सर्रास गळतो. ‘अर्थ’चा ‘अथ’ होतो. स्पेलचेकवर भिस्त ठेवू नका, ‘माऊ’ त्याला चालते. नजरही मनातलाच शब्द वाचून पुढे सरकते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्राम, फुकट मिळतो. तो लावा, मूळ पान समोर ठेवा आणि ऐका. ‘तो धरी गेला’ लगेच कानाला खटकतं. आकडे मात्र ऐकूनही निसटतात. १८९१चं १८११ झालं तरी वाक्य बिनतक्रार पुढे जातं, म्हणून सनावळ्या एकेक करून ताडाव्याच लागतात.

पहिली चार पानं बघून शेरा देऊ नका. जाड पुस्तक मधोमध नीट उघडत नाही, शिवणीकडची अक्षरं सावलीत जातात. तिथलीच पानं आधी तपासा.

फाइल दिसायला सुरेख, पण स्क्रीन रीडर एबीसीडी बरळतोय? मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये आहे. दुरुस्त्या करत बसू नका, आधी युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढा.

नुसतं ठळक केलेलं शीर्षक स्क्रीन रीडरला कळत नाही, त्याला हेडिंग स्टाइल द्या. प्रत्येक पानाच्या माथ्यावरचं पुस्तकाचं नाव वाक्याच्या मध्ये घुसतं, ते उडवा. पण पान क्रमांक ठेवा. वर्गात बाई ‘पान ४७ काढा’ म्हणाल्या तर पोरीने काय करायचं?

१९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीचं ‘कांहीं’, ‘नाहीं’ सुधारायचा मोह आवरा. तुम्ही संपादक नाही.

आणि स्कॅन करणाऱ्याचा हिरमोड नको म्हणून ‘उत्तम’ देऊ नका. तो शेरा बसला की पुस्तक पुन्हा सहसा कुणी हातात घेत नाही. तक्ता विस्कटलाय, दोन पानं गायब आहेत, तर पान क्रमांकासकट तसंच लिहा.